बाटलीचं वजन

बटणाच्या आवाजावरून माझ्या लक्षात आलं की काहीतरी चुकतंय.

अंधाऱ्या खोलीत आण्णा एका पांढऱ्या घुमटासमोर हनुवटी टेकवून बसले होते. उजव्या डोळ्यावर पट्टी होती. नजर मधोमध स्थिर ठेवायची आणि घुमटात कुठंही ठिपक्याएवढा उजेड लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं, एवढंच काम. मी मागं स्टुलावर बसले होते. दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा ही तपासणी झाली तेव्हा बटण सारखं वाजत होतं. आज एकदा टक् व्हायचं आणि मग नुसती शांतता. मी मनात आकडे म्हणायला लागले. एकदा नऊपर्यंत गेले, एकदा चौदापर्यंत. मग एकोणीस झाले तरी बटण वाजलं नाही.

"काका, झोप लागली काय?" तपासणी करणाऱ्या मुलीनं हसून विचारलं.

"जागा हाय की बाई. तुमचा दिवाच लागंना झालाय," आण्णा म्हणाले. "बल्ब गेला असंल, बघा जरा."

बल्ब गेला नव्हता. त्या मुलीनं माझ्याकडं पाहिलं आणि तिचं हसणं थांबलं.

या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली. मी तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होते, कराडच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते. आण्णा, म्हणजे माझे वडील, अडुसष्ट वर्षांचे. आमचं गाव हुपरी, चांदीच्या कामाचं. आण्णांनी पंचेचाळीस वर्षं पैंजणं केली होती. पाटावर मांडी घालून, मान खाली घालून, केसाएवढ्या कड्या जोडायच्या. व्यापाऱ्याकडून चांदी वजनानं घ्यायची आणि तयार माल वजनानं परत द्यायचा, ही आमच्याकडची रीत. माल परत आला की व्यापारी काटा लावतो, म्हणजे पुन्हा तोलून बघतो. आण्णांच्या मालाला मात्र कुणी काटा लावत नसे. "भूपालचा माल हाय, ठेव आत," एवढं म्हणून डबा उचलला जायचा. गावात आमची श्रीमंती होती ती एवढीच.

काचबिंदू सापडला तोही योगायोगानंच. आण्णा चष्म्याचा नंबर काढायला गेले होते. डोळ्यांत एक द्रव सतत तयार होतो आणि बारीक वाटेनं बाहेर जातो. ती वाट तुंबली की आतला दाब चढतो आणि डोळ्यामागच्या नसेचे तंतू एकेक करत मरतात. यात दुखत नाही, खुपत नाही. समोरचं नीट दिसत राहतं आणि कडेचं जग गुपचूप मिटत येतं. आण्णांचा दाब बत्तीस होता, असायला हवा एकवीसच्या आत. डॉक्टर कामतबाईंनी थेंब दिले. रोज रात्री दोन्ही डोळ्यांत एकेक, न चुकता, जन्मभर.

"दिसतंय की मला. कशाला हे लचांड?" आण्णा म्हणाले होते.

त्या एका वाक्यामुळं मी सावध झाले. आई आधीच गेली होती. घरात धाकटा भाऊ धनपाल आणि त्याची बायको रोहिणी. मी कराडला. आण्णा थेंब टाकतात की नाही, हे कळणार कसं? मग मला जे येत होतं ते मी केलं. बाटली महिनाभर पुरायची. दर महिन्याला नवी मीच आणून द्यायची आणि जुनी "टाकून देते" म्हणून घेऊन जायची. नवी देण्याआधी आणि जुनी आल्यावर, दोन्ही वेळा तिचं वजन कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या तराजूवर करायची. एका थेंबाचं वजन किती, तेही मी काढून ठेवलं होतं. रोजचे दोन, महिन्याचे साठ. चोवीस महिन्यांत एकदाही फरक आला नाही. एखाद्या महिन्यात चार-दोन थेंबांचा आला असेल, तो हात थरथरला म्हणून सोडून द्यावा इतकाच. आकड्यांची ती वही बघून मला वडिलांचा अभिमान वाटायचा. त्यांना यातलं मी काही सांगितलं नव्हतं.

बटणाची तपासणी पहिल्यानंतर थेट आत्ताच झाली होती, दाबाची मात्र दर चार महिन्यांनी कोल्हापुरात असायची. आदल्या दिवशी मी हुपरीला जाई. त्या रात्री थेंब मीच टाकायची. आण्णांना खाटेवर आडवं करून, खालची पापणी बोटानं ओढून. ते कळवळायचे.

"हात जड हाय गं सुनी तुझा. मी टाकतो तर कळत बी न्हाई."

"मास्तरणीचा हात आहे," मी म्हणायची.

सकाळी दाब मोजला की चौदा, पंधरा. दर वेळी. कामतबाई म्हणायच्या, "छान. चालू ठेवा."

त्या दिवशीही दाब पंधराच आला होता. पण बाईंनी नजरेच्या तपासणीचे दोन कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, एक जुना आणि एक आत्ताचा. दिसत नाही तो भाग त्यात काळा छापून येतो. जुन्या कागदावर डाव्या डोळ्याला नखाएवढा डाग होता. नव्यावर मधे थोडं पांढरं राहिलं होतं, बाकी सगळा काळा. उजव्या डोळ्याचा वरचा अर्धा भाग गेला होता.

मला वाटलं, दुसऱ्या कुणाचा कागद आहे. मी नाव वाचलं. पुन्हा वाचलं.

"काका," बाई म्हणाल्या, "खरं सांगा. थेंब रोज टाकत नाही ना?"

"एक दिस चुकलेला न्हाई."

"असे पेशंट मी दर आठवड्याला बघते. तपासणीच्या आदल्या रात्री थेंब टाकला की सकाळी दाब उतरलेला दिसतो. बाकीचे दिवस बाटली फळीवर. डोळा मात्र हिशेब ठेवतो."

"न्हाई बाई," आण्णा शांतपणे म्हणाले. "सणासुदीलाबी न्हाई चुकवला."

मला राहवलं नाही. "डॉक्टर, ते खरं सांगतात. मी दर महिन्याला बाटलीचं वजन केलंय. पहिल्यापासून. थेंब गेलेले आहेत."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "बाटलीतून गेले, मॅडम. तेवढंच कळलं तुम्हाला त्यावरून."

त्यांनी आवाज चढवला नव्हता. पण ते वाक्य मला थोबाडीत बसल्यासारखं लागलं. बाटलीतून गेले आणि डोळ्यात पोचले नाहीत. मग कुठं गेले? एकच उत्तर मला सुचलं. 'कशाला हे लचांड' म्हणणारा माणूस, मुलगी जुनी बाटली परत नेते हे बघणारा माणूस.

"आण्णा," मी म्हणाले, "तुम्ही औषध ओतून टाकत होता?"

खोलीत पंखा फिरत होता. आण्णा माझ्याकडं वळले. वळताना त्यांनी मान नाही, अख्खे खांदे वळवले.

"तू काटा लावलास?"

"आण्णा, मी फक्त..."

"माझ्या बाटलीला तू काटा लावलास. दोन वर्सं."

मी टेबलावरच्या कागदांकडं बघितलं.

"किती भरलं?" त्यांनी विचारलं.

"बरोबर भरलं."

"बरोबर भरलं," ते म्हणाले. "मग?"

ज्या घरात मी वाढले तिथं वजन जुळलं की बोलणं संपायचं. वजन जुळवून आत हिणकस भरणारा कारागीर सर्वांत नीच, असं लहानपणी मी यांच्याच तोंडून ऐकलं होतं. आणि आत्ता, परक्या बाईसमोर, मी त्यांना तेच म्हणाले होते.

कामतबाई उठून आण्णांच्या अगदी जवळ आल्या. त्यांनी बारीक बॅटरी लावली, पण डोळ्यात नाही. डोळ्याच्या खाली, गालावर.

"हे काळं कधीपासून आहे?"

"काजळी असंल. भट्टीची." आण्णांनी बोट चोळलं. बोटाला काही लागलं नाही.

मीही ती काजळीच समजत होते. दोन्ही डोळ्यांखाली, गालाच्या हाडापर्यंत एक तपकिरी पट्टा उतरला होता आणि त्यावर बारीक काळी लव होती, एरवी तिथं कुणाला नसते तशी.

"या औषधानं कातडी काळवंडते, केस वाढतात," बाई म्हणाल्या. "पण ते पापणीपाशी. इतकं खाली मी कधी पाहिलं नाही." त्यांनी ड्रॉवरमधून एक छोटी बाटली काढली. "काका, यात साधं, पाण्यासारखं औषध आहे. घरी रोज कसं टाकता ते मला करून दाखवा. अगदी तसंच."

"त्यात काय दावायचं?" आण्णा म्हणाले. पण त्यांनी बाटली घेतली.

ते खुर्चीत ताठ बसले. घरी पाटावर ट्यूबलाइटखाली बसून टाकत असावेत, तसे. झाकण काढून मांडीवर नीट ठेवलं. मग मान मागं टाकली. म्हणजे त्यांनी टाकली असं त्यांना वाटलं. पंचेचाळीस वर्षं खाली वाकलेली ती मान चार बोटंसुद्धा मागं गेली नाही. चेहरा समोर भिंतीकडंच राहिला. त्यांनी बाटली डोळ्यावर धरली, मन लावून नेम धरला आणि दाबली. बाटली जवळ येताच पापणी आपोआप मिटली. थेंब मिटलेल्या पापणीवर पडला, घरंगळला, त्या तपकिरी पट्ट्यावरून गालाच्या हाडापर्यंत आला. आण्णांनी खांद्यावरच्या पंचाच्या टोकानं तो हलकेच टिपला.

दुसरा डोळा. पुन्हा तसंच.

मग त्यांनी झाकण लावलं आणि आमच्याकडं बघितलं.

"झालं," ते म्हणाले.

सातशेच्या वर रात्री. मी मनात गुणाकार करत होते, आणि तो थांबवता येत नव्हता.

"रोज असंच टाकता, काका?" बाईंचा आवाज अगदी खाली आला होता.

"रोज. दोन्हीकडं एकेक. जादा एक थेंब वाया घालवला न्हाई."

"काका, थेंब आत गेला नाही."

"गेला की. गार लागलं मला."

"गार गालाला लागलं."

आण्णांनी हात वर नेला. बोटं गालावरून फिरवली, मग पंचाचं ओलं टोक चिमटीत धरून पाहिलं. कड्या जोडताना ते जसं बघायचे तसं, अगदी डोळ्याजवळ नेऊन.

"सुनीच्या हातचा झोंबतो," ते हळूहळू म्हणाले. "माझा झोंबत न्हाई. मला वाटायचं, हिचा हात जड."

कामतबाईंनी मग सगळं सांगितलं. कुणालाही दोष न देता, पण आडपडदा न ठेवता. गेलेली नजर परत येणार नाही. डावा डोळा फार दिवसांचा नाही. उजवा राखता येईल, रोजचा थेंब खरोखर आत गेला तर. थेंब आडवं झोपून, दुसऱ्याच्या हातानं. वेळ संध्याकाळची ठेवली तरी चालेल, पण रोज तीच. "पहिल्याच दिवशी मी हे करून बघायला हवं होतं," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. "घरी कोण आहे?"

"भाऊ आहे, पण तो मालासाठी महिन्यातले पंधरा दिवस बाहेरगावी असतो. त्याची बायको आहे."

"मग झालं तर. ती टाकेल."

"सून नको," आण्णा लगेच म्हणाले. "तिला न्हाई सांगायचं हे."

रस्त्यावर आलो तेव्हा डाव्या बाजूनं एक मोटारसायकल आली. आण्णा सरळ तिच्यावर चालत गेले. मी दंड धरून ओढलं. मोटारसायकलवाला शिवी देऊन गेला. आण्णा म्हणाले, "हॉर्न न्हाई काय न्हाई, लेकाचा." हॉर्न त्यानं दोनदा दिला होता. एसटीत ते खिडकीशी बसले. हुपरी येईपर्यंत बाहेरच बघत राहिले.

घरी पोचल्यावर मी थेट स्वयंपाकघरात गेले. रोहिणी भाकरी थापत होती. धनपाल राजकोटला गेला होता. मी तिला सगळं सांगितलं. ती थापायची थांबली, हात तसेच पिठात.

"ताई," ती म्हणाली, "मी बघितलं होतं."

"काय?"

"थेंब गालावरनं खाली येताना. एकदा न्हवं. रोज अंथरूण घालायला जायचे की मी." तिचे डोळे मोठे झाले होते. "मला वाटलं, आत मावत नाही ते बाहेर येत असंल. एकदा वाटलं, विचारावं. पण मामांना कसं विचारू?"

आमच्याकडं सून सासऱ्याला मामा म्हणते. त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, त्याच्याशी नजर मिळवून बोलत नाही.

"तेरा वर्षांत मी त्यांच्यासमोर खुर्चीवर बसले नाही, ताई. त्यांना मी शिकवू, थेंब असा टाका म्हणून?" तिनं हात झटकले. "तुम्हाला तरी सांगायला पाहिजे होतं. पण तुम्ही एवढ्या शिकलेल्या. तुम्ही बघितलंच असंल, असं वाटलं."

मी बघितलं नव्हतं. चोवीस महिने दर महिन्याला या घरात येत होते, आणि वडिलांना एकदाही म्हणाले नव्हते की टाका बघू माझ्यासमोर.

"रोहिणी," मी म्हणाले, "उद्या सकाळी मला जायला हवं. परीक्षा सुरू आहेत."

"माहीत आहे."

"आण्णा तुला नको म्हणतात."

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती, ती तिनं उलटली.

आम्ही जैन, आमच्याकडं जेवणं सूर्य मावळायच्या आत होतात. जेवून आण्णा सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, खाटेवर टेकले. दारातून अजून उजेड येत होता. मी बाटली घेऊन उठले, तेवढ्यात रोहिणीनं ती माझ्या हातातून घेतली. तिनं हात साबणानं धुतले होते. कोपरापर्यंत ओले होते.

"मामा, आडवं व्हा," ती म्हणाली.

आण्णा उठून बसले. "सुनी कुठं हाय?"

"मी इथंच आहे, आण्णा."

"मग तू टाक. पोरी, तू जा आत, तुझं काम कर."

"ताई उद्या जाणार, मामा. उद्याचा थेंब कोण टाकणार?"

"मी टाकीन."

"तुमचा आत जात नाही."

तेरा वर्षांत ती त्यांना उलटून बोललेली मी ऐकली नव्हती. तीही दचकली असावी, कारण क्षणभर तिचा हात डोक्यावरच्या पदराकडं गेला. आण्णा तिच्याकडं बघत राहिले. मग हळूच आडवे झाले.

ती त्यांच्या उशाशी वाकली. पदर पुढं आला, तिनं मागं सारला. एका हातात बाटली, दुसऱ्या हातानं पापणी धरायची. पदर पुन्हा घसरला. दुसऱ्यांदाही तिनं तो डोक्यावर घेतला. तिसऱ्यांदा मात्र खाली ओढून कमरेला खोचला. पुढची अकरा वर्षं रोज त्या वेळी तो तसाच खोचलेला असायचा. आण्णांचा डावा डोळा पुढच्या दिवाळीआधीच गेला. उजवा त्यांच्या शेवटच्या दिवसापर्यंत राहिला, तो तिच्यामुळं.

त्या दिवशी तिनं बोटानं खालची पापणी ओढली. "वर बघा, मामा. माझ्याकडं बघा."

त्यांनी तिच्याकडं बघितलं. थेंब आत पडला. त्यांचे दात एकमेकांवर दाबले गेले. मग दुसरा डोळा.

"आता मिटून ठेवा. दोन मिनिटं." डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं तिनं नाकाजवळच्या कोपऱ्यांवर दोन्ही अंगठे दाबून धरले.

दारातला उजेड कमी होत चालला होता.

"सुनी," आण्णा मिटल्या डोळ्यांनी म्हणाले.

"काय, आण्णा?"

"तू इचारलंस मला. ओतून टाकत हुतासा काय म्हणून."

"आण्णा, माझं चुकलं. मी तसं..."

"ओतलं असतं तर बरं झालं असतं गं," ते म्हणाले. "निदान मला ठावं तरी असतं."

रोहिणीनं माझ्याकडं बघितलं नाही. ती आण्णांच्या चेहऱ्यावर तशीच वाकलेली होती, अंगठे न हलवता.

"पाणी आणू नका डोळ्यांत, मामा," ती हळू आवाजात म्हणाली. "औषध वाहून जातंय."